प्रिंटर आला, प्रिंटर गेला

तो अहवाल चौदा पानांचा होता की सतरा, हे प्रोफेसरांना पुढं सहा वर्षं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. चौदा असावीत. सतरा म्हणावं तर त्यात परिशिष्टं धरली की नाही, असा दुसरा प्रश्न उभा राहतो. आणि प्रोफेसरांचा स्वभाव असा, की दुसरा प्रश्न उभा राहिला की पहिला हातचा जातो. त्यांच्या बायकोला विचारलं तर ती मान वर न करता "तेवीस" म्हणे. पण त्या अहवालाच्या बाबतीत ती तटस्थ नव्हती.

बाकीची हकीकत मात्र त्यांना लख्ख आठवते. (निदान त्यांना तसं वाटतं.)

प्रोफेसरांनी छत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. त्यांचा प्रबंध क्वचित घडणाऱ्या घटनांवर होता, आणि त्याचा परिणाम असा झाला की क्वचित घडणारी प्रत्येक घटना आज आपल्याच घरी घडणार, अशी त्यांची खात्री असे. कुलूप लावून जिना उतरले की ते लावलं का हे बघायला परत वर जात, आणि पुन्हा खाली आल्यावर, नीट बघितलं का, म्हणून आणखी एकदा वर. बसल्याजागी त्यांना स्वस्थता म्हणून नव्हती. त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवला की थोडा चहा आपापला बशीत उतरायचा.

त्यांची बायको मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळी बिल्डिंग तिला मेट्रनच म्हणे. प्रोफेसरही म्हणत, पण फक्त घाबरले की. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा.

या मेट्रननं एक पुस्तक लिहिलं होतं. घरात आजारी माणूस असेल तर त्याला कसं उठवावं, कसं फिरवावं, औषध कसं द्यावं आणि त्याचं किती ऐकून घ्यावं, अशी चाळीस वर्षांची शिदोरी तिनं दोन वर्षं एका बोटानं टाइप केली होती. पानं दोनशे बारा. एका प्रकाशकानं "आणून द्या, बघतो" म्हटलं होतं. मात्र हे गृहस्थ पडद्यावर काही वाचत नसत. कागदावर हवं, आणि शनिवारी दुपारी बाराच्या आत. कारण त्यानंतर ते चार महिने मुलाकडे परदेशी जाणार होते. आणि त्यांच्या वयाचा विचार करता (हा विचार प्रोफेसरांनी केला, मेट्रननं नव्हे) चार महिने म्हणजे काही सांगता येत नाही.

अशा आठवड्याच्या सोमवारी प्रोफेसरांनी एक छोटासा निर्णय घेतला.

संगणक सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत होती. जावई फोनवर सहज म्हणाला होता, "बाबा, लिनक्स टाका ना. फुकट आहे, हलकं आहे, आणि काही अडलंच तर जगभरातले लोक मदत करतात."

प्रोफेसरांनी 'काही अडलंच तर' हे शब्द दोन दिवस चघळले. मग मेट्रन भाजी आणायला गेलेली बघून त्यांनी संगणकाचं कॅबिनेट कोपऱ्यातून ओढून टेबलाखाली घेतलं, फडक्यानं पुसलं, मेट्रनच्या पुस्तकाची एक नक्कल पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आणि एक जावयाला पाठवून ठेवली आणि संगणक चालवणारी जुनी प्रणाली पुसून टाकली. मेट्रन परत येईपर्यंत लिनक्स बसलं होतं. संगणक चाळीस सेकंदांत सुरू झाला. प्रोफेसरांना आयुष्यात इतक्या सहज काहीच जमलं नव्हतं, त्यामुळे तेव्हाच त्यांना संशय आला.

तो खरा ठरला. मंगळवारी सकाळी छपाई सुरू झाली.

"झालं का छापून?" मेट्रननं स्वयंपाकघरातून विचारलं.

"दोन पानं."

"दोनशे बारा आहेत."

"हो, पण प्रिंटर गेला."

"कुठं गेला?"

"आहे इथंच. संगणकाच्या दृष्टीनं गेला. थांब. आला. हं, गेला परत."

"प्रिंटर आहे का पाहुणा?" मेट्रन हात पुसत दारात आली. "जुन्यात तर बरा चालत होता."

"जुन्यात आतलं काही दिसायचं नाही. हे बघ, ही प्रणाली स्वतःची रोजनिशी लिहिते. नऊ वाजून चार मिनिटं, नवं उपकरण जोडलं गेलं. नऊ वाजून पाच, उपकरण काढलं गेलं. नऊ वाजून पाच, पुन्हा जोडलं गेलं."

"रोजनिशी छान आहे हो. माझं पुस्तक कधी छापताय?"

बुधवारी प्रोफेसरांनी प्रणालीचा गाभा बदलून नवा टाकला. मग त्याहून नवा टाकला. मग सगळे म्हणतात जुनाच भरवशाचा, म्हणून जुना टाकला. वीज वाचवायला संगणक प्रिंटरला झोपवत असेल, या शंकेनं त्यांनी वीज वाचवणंच बंद केलं. खाली वाकून केबल चाचपली, घट्ट होती. ते वाकलेले असेपर्यंत प्रिंटर सुतासारखा सरळ चालला. वर येऊन खुर्चीत बसले, आणि गेला.

"मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणते," मेट्रन म्हणाली.

"घरात प्रिंटर असताना?"

"घरात आहे कुठं? तुम्हीच तर म्हणता, गेला."

"मला शुक्रवारपर्यंत वेळ दे. हा बिघाड अनियमित आहे. अनियमित गोष्टी हाच माझा विषय आहे गं."

मेट्रननं त्यांच्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं हे वाक्य कुलपाबद्दल, गॅसच्या शेगडीबद्दल आणि स्वतःच्या दोन बाळंतपणांबद्दल ऐकलं होतं. "शुक्रवार," ती म्हणाली.

मग प्रोफेसरांनी शास्त्राची कास धरली. प्रिंटर गेला की नोंद करायची: वेळ, खोलीचं तापमान, फ्रिज घरघरतोय की नाही, लिफ्ट चालू आहे का. आणि काहीही सुटू नये म्हणून शेवटच्या रकान्यात स्वतःची मनःस्थिती, शून्य ते दहा. शून्य म्हणजे शांत, दहा म्हणजे मेट्रन दारात. गुरुवार संध्याकाळपर्यंत एकसष्ट नोंदी झाल्या. तापमानाचा संबंध नव्हता. फ्रिज निर्दोष सुटला. लिफ्टविषयी थोडा संशय होता, पण ती दोन दिवस बंदच असल्याचं कळलं. शेवटच्या रकान्याशी मात्र बिघाडाचं नातं इतकं घट्ट निघालं की छत्तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याच्या आकडेवारीत त्यांनी तसं बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर कॉपी म्हणून शून्य दिलं असतं.

प्रोफेसरांनी चष्मा पुसून पुन्हा गणित केलं. तेच उत्तर. मग त्यांनी एक तळटीप लिहिली: 'निरीक्षकाची चिंता हा बिघाडाचा परिणाम आहे, कारण नव्हे. सबब हा रकाना विचारात घेतलेला नाही.' आणि प्रस्तावना, पूर्वसूरींचा आढावा, सहा आलेख आणि ऋणनिर्देश जोडून त्यांनी तो अहवाल लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे जगभरातले लिनक्सवाले जिथं एकमेकांना ईमेल करून अडचणी सोडवतात तिथं, धाडून दिला.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. लिनक्समधली प्रिंटरची बाजू सांभाळणाऱ्या, कुठल्याशा दूरच्या देशातल्या गृहस्थानं लिहिलं होतं, 'अहवाल मिळाला. सुट्टी मिळाली की वाचतो. तोवर एक विचारू का? केबल नीट बसली आहे ना?'

"बघ," प्रोफेसर म्हणाले. "एवढं शिकून हे ऐकायचं. केबल."

"मग बसली आहे का?"

"काल अकरा वेळा बघितली."

"म्हणजे तुमच्या हिशेबानं कमीच," मेट्रन म्हणाली आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून दुकानाकडे निघाली. पंधरा मिनिटांत परत आली. दुकानाला कुलूप होतं. दारावर चिठ्ठी: 'मालक बाहेरगावी. मंगळवारी उघडेल.' तिनं चपला काढून जागेवर ठेवल्या, पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि आत जाऊन डाळ निवडत बसली. प्रोफेसरांना ओरडा चालला असता. निवडलेली डाळ ती पुन्हा निवडत होती, हे त्यांच्याच्यानं बघवेना.

शनिवारी सकाळी नऊला ते बाजारातून नवी केबल आणायला बाहेर पडले. (कुलपासाठी परत आले नाहीत. मेट्रन घरात होती, हे दुसऱ्या मजल्यावर आठवलं.)

साडेदहाला परतले तर जिन्यातच आवाज आला. खरर्र, टक. खरर्र, टक. आत मेट्रन त्यांच्या खुर्चीत बसली होती, शेजारी कागदांचा ढीग.

"एकशे एक्क्याऐंशी," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून एकदाही गेला नाही."

"काय केलंस?"

"'छापा' म्हटलं."

"तेवढंच?"

"आणखी काय म्हणायचं असतं?"

प्रोफेसरांना आनंद झाला, पण तो पुरता पोटात पोचायच्या आत शंकेनं त्याला गाठलं. कारण कळल्याशिवाय चालणारी वस्तू त्यांच्या मते बंद पडलेल्या वस्तूपेक्षा भयंकर. "ऊठ जरा. मला रोजनिशी बघू दे."

"अहो, एकतीस पानं राहिलीत. बघा नंतर."

"एक मिनिट फक्त."

ते बसले. एकशे ब्याऐंशी आलं. एकशे त्र्याऐंशी अर्धं आलं. आणि प्रिंटर गेला.

मेट्रननं त्यांना उठवलं, स्वतः बसली. प्रिंटर आला. एकशे पंच्याऐंशीपर्यंत बिनबोभाट. ती उठली, ते बसले. गेला. घड्याळात पावणेअकरा झाले होते, आणि प्रकाशकाचं ऑफिस पाऊण तासावर होतं.

प्रोफेसर पडद्याला नाक लावून रोजनिशी वाचत होते. मेट्रन पडद्याकडे बघत नव्हती. सगळे डॉक्टर तक्ता वाचत उभे असताना रोग्याकडे बघायचं, यावर तिची सगळी नोकरी गेली होती. ती प्रोफेसरांकडे वरून खाली बघत गेली: कपाळावर घाम, ओठ कोरडे, हात ठीक. मग ती खाली वाकली.

"अहो. पाय."

"कुणाचा पाय?"

"तुमचा. उजवा. थांबवा तो."

प्रोफेसरांनी खाली बघितलं. टेबलाखाली, सोमवारी त्यांनीच ओढून आणलेल्या कॅबिनेटच्या मागे त्यांचा उजवा पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा हलत होता आणि दर तिसऱ्या ठोक्याला चपलेचा अंगठा केबलला ढुशी देत होता.

"मी पाय हलवतो?"

"लग्न ठरवायला आलात तेव्हापासून. माझ्या बाबांना वाटलं होतं, खाली शिवणयंत्राची पायपट्टी चालवताय."

पाय थांबला. प्रिंटर आला.

"हलवा."

गेला.

"थांबवा."

आला. असं तिनं पाच वेळा करवून घेतलं, आणि पाचही वेळा तेच झालं.

प्रोफेसर क्षीण आवाजात म्हणाले, "नमुना लहान आहे. पाचच निरीक्षणं."

"पायही एकच आहे," मेट्रन म्हणाली. "उठा, आणि जाऊन पलंगावर पडा. पांघरूण नको, उकडेल."

अकरा वाजून चार मिनिटांनी दोनशे बारावं पान आलं. टॅक्सीत ते ढिगाची पानं मोजत होते, ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. प्रेमानं नव्हे, पानं हलू नयेत म्हणून. बाराला सात मिनिटं कमी असताना प्रकाशकानं पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि समोर उभ्या असलेल्या दोघांना बसा म्हणायचं विसरून तिसरं वाचलं. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. अजून खपतं.

घरी आल्यावर प्रोफेसरांनी मेलिंग लिस्टवर एक ओळ लिहिली: 'अडचण स्थानिक पातळीवर सुटली. सहकार्याबद्दल आभार.' खोटं त्यात काही नव्हतं. पाय स्थानिकच होता. कुणी पुढं काही विचारायच्या आत त्यांनी त्या लिस्टवरून आपलं नाव काढून घेतलं, आणि आपली लाज चार भिंतींत राहिली, या समाधानात पुढची सहा वर्षं काढली.

सातव्या वर्षी लिनक्सची नवी आवृत्ती आली. आपला जुना प्रिंटर तिच्यात चालेल ना, या काळजीनं त्यांनी चालणाऱ्या उपकरणांची अधिकृत यादी उघडली, आणि तिथून वाट चुकत चुकत ते मेलिंग लिस्टच्या जुन्या पत्रांच्या कपाटात जाऊन पोचले. अहवाल तिथं होता. परिशिष्टं धरून तेवीस पानं. त्याखाली त्यांची ती मानाची एक ओळ, आणि तिच्याखाली त्या दूरदेशच्या गृहस्थाचा प्रश्न: 'सुटली, पण कशी?' त्याला त्याच दिवशी, याच घरच्या ईमेल पत्त्यावरून, पण वॉर्डातल्या तक्त्यावर लिहावं तशा तुटक भाषेत कुणीतरी सविस्तर उत्तर दिलं होतं.

प्रोफेसरांनी यादी पुन्हा उघडली. त्यांच्या प्रिंटरसमोर सहा वर्षं, जगभरातल्या लोकांना दिसेल असं, लिहिलेलं होतं: 'पूर्णपणे चालतो. तपासणी: एक निवृत्त मेट्रन, दोनशे बारा पानं. ज्ञात अडचणी: एक, मेट्रनचे यजमान.'