कोंबड्यांची वाळू

खुराड्यापुढच्या जाळीत घोटाभर चिखल झाला आणि झुंबरबाईंच्या बारा कोंबड्या एका मोडक्या खाटेवर चढून बसल्या. त्या खाली उतरायला तयार नव्हत्या आणि खुटबावातल्या त्या घरात झुंबरबाईंचं तोंड थांबायला तयार नव्हतं.

त्यांचे यजमान सावळाराम यांनी आधी उसाचं पाचट टाकून पाहिलं. ते चार दिवसांत कुजलं. मग गुऱ्हाळावरून चिपाडं आणली. चिपाडांच्या गोडीनं मुंगळे आले, कोंबड्यांना खाऊन संपेनात तेव्हा घरात शिरले, आणि एक तर थेट सावळारामांच्या लेंग्यात गेला.

"आता वाळूच टाका," झुंबरबाई म्हणाल्या. "पाणी मुरतं, पाय कोरडं ऱ्हात्यात."

"कोंबड्यांस्नी वाळू? लोकांस्नी घर बांधाया वाळू मिळंना!"

"मग मी त्यांस्नी घरात घेती."

सावळाराम मुकाट्यानं यवतला गेले आणि पावतीसकट एक ट्रॉली वाळू घेऊन आले.

ट्रॉली वेशीपासून दारापर्यंत यायला दहा मिनिटं लागली. सावळाराम बंगला बांधतायत ही बातमी त्याआधीच गावभर झाली आणि संध्याकाळपर्यंत शिरूरला पोचली. तिथल्या पोपटरावांची मुलगी प्रगती सावळारामांच्या मुलानं, इंद्रजीतनं पसंत केली होती, तिलाही तो आवडला होता. पण पोपटराव दोन महिने नुसतं 'कळवतो' म्हणत होते. बिचारा इंद्रजीत फोन ताटाशेजारी ठेवून जेवायचा. पत्र्याच्या घरामुळंच गाडं अडलंय, याबद्दल सावळारामांना शंका नव्हती. आणि आज पोपटरावांचा फोन आला.

"रविवारी घर बघायला येतो. काम काढलंय म्हणं?"

"व्हय... म्हंजी, वाळू पडलीया," सावळाराम म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांनी लगेच वाळूला हात लावायची बंदी घातली. "रविवारपातूर ढीग दारातच ऱ्हाऊ दे. पोराच्या लग्नाचा प्रश्न हाय."

"आन् माझ्या कोंबड्या?"

"त्यांची काय लग्नं अडलीत?"

ढीग एकटा दिसू नये म्हणून शेजारून उसन्या विटा आणून रचल्या. विटा उगाच वाटू नयेत म्हणून अंगणात चुन्याच्या फक्कीनं पायाचा चौकोन आखला. फक्की बघून ज्ञानू गवंडी आपणहून आला आणि "जिना आतनं का भाईरनं?" असं विचारून गेला. पुढचे दोन दिवस सावळाराम खरोखरच जिन्याचा विचार करत होते.

रविवारी पोपटराव आले, सोबत प्रगतीही. गाडीतून उतरताच समोर ढीग आणि ढिगावर बारा कोंबड्या! जाळीचं दार कुणी उघडलं, हे झुंबरबाईंना विचारायची कुणाची हिंमत नव्हती. कोंबड्या वाळूत खड्डे करून, पंख पसरून मजेत लोळत होत्या.

"बांधकामाच्या वाळूत कोंबड्या?" पोपटराव म्हणाले.

सावळारामांनी तोंड उघडलं, पण झुंबरबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. "बांधकाम न्हाई, पाव्हणं. वाळू कोंबड्यांचीच हाय. त्यांच्या पायाखाली चिखल व्हतो म्हून आणली. घर पत्र्याचंच ऱ्हाणार."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेला इंद्रजीत जागीच थांबला. सावळाराम चपलेनं हळूच फक्की पुसू लागले.

प्रगती मात्र जाळीपाशी गेली आणि वाकून आत बघू लागली. "मावशी, नुसती वाळू नका टाकू. चिखलात खचंल. आधी मुरूम दाबून घ्या, मग वर ईतभर वाळू."

"तुला गं काय म्हाईत?"

प्रगतीनं वडलांकडे पाहिलं. पोपटरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"आता लपवून काय करायचं," ते म्हणाले. "हिच्या चाळीस कोंबड्या हायेत. त्यांच्याबिगर नांदाया जाणार न्हाई म्हणती. तुमास्नी सांगू कसं, म्हून दोन महिनं टाळत व्हतो. बांधकाम निघालंय ऐकलं, म्हटलं नकाशातच एक खुराडं मागून घ्यावं."

झुंबरबाईंना भरून आलं. त्यांनी प्रगतीला जवळ घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"अवं, उभं काय ऱ्हायलात? एका ट्रॉलीनं भागायचं न्हाई."