सात कोंबड्यांची समाधी

परसात कोंबड्या पाळण्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर खुशाल मला विचारा! बसायची दांडी जमिनीपासून किती उंच हवी, खाली भुसा किती जाड पसरावा, कवच पातळ पडू लागलं तर शिंपल्यांचा चुरा कधी द्यावा, अंग घोळायला राखमाती कुठे ठेवावी, सगळं मला मुखोद्गत आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत होतं.

माझ्याकडे सात कोंबड्या. त्यांतली थोरली तांबडी, तिला आम्ही आत्याबाई म्हणतो. चालते अशी, की जणू भाचीचं सासर तपासायला आली आहे. गुणाच्या सगळ्याजणी, पण एक खोड होती. अंडी घालायची खोकी सोडून त्या कुठेही अंडी घालायच्या! पाण्याच्या टाकीखाली, कुंडीत, धुवायच्या कपड्यांत. एकदा माझ्या चपलेत! ते मला पाय घातल्यावर कळलं.

यावर माझ्या कोंबडीपालनाच्या पुस्तिकेत उपाय होता : खोक्यात एक खोटं अंडं ठेवा. कोंबडीला वाटतं, कुणी शहाणीनं इथे आधी घातलंय, म्हणजे जागा चांगली असणार. सवय लागली की ते काढून घ्या.

एक! आता मला सांगा, एका अंड्यानं काम होत असेल तर चौदांनी किती होईल? मी गल्लीच्या टोकाच्या सुतारभाऊंकडे गेलो. त्यांनी लाकडाची चौदा अंडी तासून, वर पांढरा रंग मारून हातात ठेवली.

"अस्सल सागवान!" ते म्हणाले. "तुमच्या कोंबड्यांच्या पतवंडांना पुरतील."

खोकी सात, प्रत्येकात दोन अंडी. आठवड्यात कोंबड्या सरळ झाल्या. मी इतका खूश झालो, की रोज चारचा दाणा टाकल्यावर पालथ्या बादलीवर बसून त्यांना दोन पदंही म्हणून दाखवू लागलो. लहानपणापासून कीर्तनं ऐकून ऐकून माझा गळा तयार झालाय, असं माझं मत आहे. घरच्यांचं वेगळं आहे.

आणि मग एके दुपारी आत्याबाई खोक्यातून उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची नाही. पाचव्या दिवशी मी दाण्याचं भांडं घेऊन परसात गेलो आणि दारातच थबकलो.

आवाज नव्हता! ज्या परसात सात बायका एकाच वेळी बोलायच्या, तिथे पान पडलेलं ऐकू येत होतं. दाणा कालचा तसाच. चिमण्यासुद्धा भिंतीवर बसून नुसत्या बघत होत्या, खाली येत नव्हत्या. सात खोकी, सात माना, अर्धवट मिटलेले डोळे. आणि ते सगळे डोळे एकाच जागी लागलेले : माझ्या खांद्याच्या जरा मागे.

मी हळूच वळून पाहिलं. भिंत होती. नुसती भिंत.

धीर यावा म्हणून बादलीवर बसून गायला लागलो. कुणी हललं नाही. थांबलो, तेव्हा सातही गळ्यांतून एकदम, एकाच श्वासात आवाज आला : "घर्रर्रर्र..."

मी बादलीसकट मागे सरकलो. घरात धावत जाऊन हिला सांगितलं.

"खुडूक बसल्यात, अंडी उबवायला," ही कणीक मळता मळता म्हणाली.

"एखादी बसते गं! साती एकदम? एकीलाही भूक नाही, तहान नाही, देहभान नाही! अगं, ही समाधी आहे. माझं गाणं आत पोचलं त्यांच्या!"

"पोचलं असेल. म्हणूनच डोळे मिटलेत."

टोमणा मी गिळला. पण सांगतो, मनात गुदगुल्या होत होत्या. बुवांच्या गाण्यानं श्रोते डोलतात. माझ्या गाण्यानं पाखरं लीन झाली! मी दोनाची चार पदं केली. खोक्यांना हात लावायचा नाही, भुसा हलवायचा नाही, अशी घरात ताकीद दिली. सुतारभाऊही येऊन पाहून गेले. दारातूनच म्हणाले, "येतो. कामं आहेत," आणि जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

दोन आठवडे असेच गेले. शुक्रवारी न राहवून मी आत्याबाईला उचललं आणि माझा सगळा अभिमान गळून पडला. वाळलेल्या पानाइतकी हलकी! लालभडक तुरा पांढुरका पडलेला. पोटाखालची पिसं तिनं स्वतःच उपटून काढलेली आणि उघडी कातडी तव्यासारखी तापलेली. मी तिच्या चोचीला पाणी लावलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या आरपार पाहिलं. खाली ठेवताच सरकत सरकत पुन्हा आपल्या जागी.

"मरेल ती," ही मागून म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "साती मरतील. मी धाकट्याला फोन केलाय, रविवारी येऊन घेऊन जाईल. असं झिजून मरण्यापेक्षा बरं."

हिच्या धाकट्या भावाचं चिकनचं दुकान आहे. तिथे गेलेली कोंबडी पुन्हा भेटत नाही; भेटली तरी ओळखू येत नाही.

शनिवारी मी गायलो नाही. आत्याबाईजवळ नुसता बसलो, हात जोडले आणि म्हटलं, "बाई, ऊठ. मी चुकलो असेन तर शिक्षा मला दे, पण तू दोन दाणे खा."

टक्.

मी इकडेतिकडे पाहिलं.

टक्. टक्, टक्.

आवाज आत्याबाईच्या पोटाखालून येत होता! मी हात घातला. दोन अंडी, दोन्ही लाकडी, दोन्ही ताप भरल्यासारखी गरम. आणि त्यातलं एक आतून कुणीतरी वाजवत होतं.

लाकडाचं अंडं! भरीव! सुतारानं माझ्यासमोर तासलेलं! हातातून सुटलं, ते तिनं चोचीनं पुन्हा पोटाखाली ओढलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला, तो दुसऱ्या दिवसापर्यंत बसला नाही!

रविवारी दुपारी मेहुणा मोठी टोपली घेऊन आला. मी दार अडवून उभा.

"दाजी, सरका."

"आज नको. आज काहीतरी प्रकट होणार आहे."

"काय?"

"ते मलाही माहीत नाही. लाकडाचं अंडं आतून वाजतंय, बोलावून तरी बघ सुतारभाऊंना!"

सुतारभाऊ आले. "माझ्या लाकडात जीव?" म्हणून हसलेसुद्धा. मग आम्ही चौघं खोक्यापाशी वाकलो. सहा कोंबड्या माना वळवून आत्याबाईकडे बघत होत्या.

टक्, टक्, टक्.

मेहुण्याच्या हातातली टोपली खाली पडली. सुतारभाऊंचं हसू विझलं. आत्याबाई संथपणे उभी राहिली आणि बाजूला झाली. त्या पांढऱ्या अंड्यावर, अगदी मधोमध, एक काळं भोक पडत होतं. त्यातून पिठासारखी भुकटी झरली.

मी हात जोडले. मला पाहून हिनं जोडले. मग सुतारभाऊंनी. शेवटी मेहुण्यानंही, ज्यानं जन्मात कोंबडीपुढे हात जोडले नव्हते!

भोकातून दोन मिशा आल्या. मग डोकं. मग सबंध, चकचकीत, तपकिरी, लाकूड पोखरणारा एक किडा बाहेर आला. उबेनं वेळेआधीच जागा झाला असावा बिचारा. त्यानं जगाकडे पाहिलं.

आत्याबाईनंही त्याच्याकडे पाहिलं. मान तिरकी केली. इतके दिवस जीव पाखडून उबवलेलं ते लेकरू!

टप्! गिळलं.

मग आत्याबाई "कॉक?" असं म्हणाली, जणू मधले सगळे दिवस कुठे गेले ते विचारत होती. तिनं अंड्यावर चोच मारली, आणखी एक निघाला, तोही गिळला. ते पाहून बाकीच्या साहीजणी खोक्यांतून धबाधब उड्या टाकून धावल्या! कुणी किड्यावर, कुणी दाण्यावर, कुणी पाण्यावर. परसात बाजार भरला! आत्याबाई पाण्याच्या भांड्यात चोच बुडवून, मान वर करून, घोट घोट पाणी प्यायली. हिनं पदराला डोळे पुसले.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "एक खुडूक बसली की बघून दुसरी बसते. अंडी खालून काढून घ्यायची असतात. तुम्ही चौदा ठेवलीत आणि कुणाला हात लावू दिला नाहीत?" त्यानं टोपली उचलली, चौदाच्या चौदा लाकडी अंडी तिच्यात भरली आणि कोंबड्यांकडे न बघता निघाला.

"अस्सल सागवानाला कीड कशी..." मी सुतारभाऊंना म्हणू लागलो. सुतारभाऊ तिथे नव्हते.

मी तसाच उभा होतो.

"अहो," ही म्हणाली, "हात सोडा आता. गेला तो पोटात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एका किड्यापुढे हात जोडून मी अजून भक्तिभावानं उभा आहे! आता असे जोडलेले हात अब्रूनं सोडवायचे कसे? मी घाईनं एक टाळी वाजवली.

"डास होता," मी म्हणालो.