जिभाऊंच्या खिशातली बांगडी

पुरुषमाणसाच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो, फार तर सुपारीची डबी. आमच्या जिभाऊंच्या खिशात हिरव्या काचेची बांगडी असते. एकच, आणि तीही रुमालात गुंडाळलेली.

ती कशासाठी, हे बघायचं असेल तर त्यांच्याबरोबर नंदुरबारला जावं. घराला बाहेरून लावायच्या मालाची तिथे मोठमोठी दुकानं झाली आहेत. मी एकदा गेलो आणि कानाला खडा लावला. दुकानदार बिचारा एसीपी शीट दाखवत होता. पाणी शिरत नाही, उन्हाने रंग उडत नाही, दिसायला हुबेहूब साग. जिभाऊंनी मान डोलावली, रुमाल सोडला, बांगडी काढून शीटवर आपटली आणि शीटला कान लावून डोळे मिटले.

"ते बठ्ठं ऱ्हाऊ दे," ते गरजले. "वाजस का?"

"काय?"

"नही वाजत. दुसरं दाखाड!"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आमच्या खान्देशात थोरल्या भावाला मानाने जिभाऊ म्हणतात. हे तळोद्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीचे थोरले भाऊ. पंचाहत्तरी गाठली तरी अंगात वारं भरलेलं. बोलणं कायम वरच्या पट्टीत. अंगणातून त्यांनी "मास्तर, चहा लेस का?" असं साधं विचारलं, तरी कोपऱ्यावर मोलगीसाठी सवारी भरणारा जीपवाला वळून बघतो. आम्ही म्हणायचो, काय हा उत्साह!

त्यांचं घर म्हणजे साहेबाचा बंगला. साहेब कोणी त्यात कधी राहिला नाही. जिभाऊंच्या आजोबांनी जंगलखात्याच्या गोऱ्या अधिकाऱ्याचा बंगला पाहिला, तो डोक्यात बसला आणि कापसाला बरे दिवस आल्यावर त्यांनी तस्साच उठवला. उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर, पुढे लाकडी झालर, तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा आणि त्या व्हरांड्याला सागवानी कठडा. काय तो कठडा! एकेक खांब कातलेला, गुळगुळीत, मधासारखा रंग. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे विद्यार्थी दर हिवाळ्यात त्या कठड्यासमोर बसून रेखाटनं करतात. म्हणजे तो माझाच आहे, असं मी मनोमन धरून चाललो होतो.

आणि गेली दोन वर्षं जिभाऊंना हा नव्या मालाचा नाद लागलेला. मागची भिंत त्यांनी नमुने लावून लावून गोधडी करून टाकली. एका पट्ट्यात सिमेंटच्या फळ्या, दुसऱ्यात प्लास्टिकचं लाकूड, तिसऱ्यात दगड भासणारी फरशी. प्रत्येकावर बांगडी आपटून खडूने निकाल लिहिलेला, नापास, नापास, नापास. माझ्या वर्गाचा निकालसुद्धा इतका वाईट लागत नाही.

कळसाडीला एका लग्नाला गेलो, तर यजमानांनी ऊस विकून घराला नवं एलेव्हेशन केलेलं. जिभाऊंना ते दिसलं मात्र, बँडवाल्यांसमोर दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. "बंद करा, बंद करा! एक मिनिट!" बँड थांबला, नाचणारे थांबले, घोड्यावरचा नवरदेव बावरला. जिभाऊंनी भिंतीला बांगडी मारली, कान लावला, नाराज होऊन मान हलवली आणि म्हणाले, "चालू करा." नवरदेवाचा बाप दिवसभर माझ्या मागे, "सर, काय खराब शे का आम्हना मालमा?"

या घरात शांत एकट्या वहिनी. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, पण बंगला त्यांना हातांनी पाठ. कठड्यावर हात ठेवत त्या तिन्ही बाजूंनी फिरतात, तुळशीला पाणी घालतात, वाळवण बघून येतात. फक्त त्यांच्या बांगड्या फार वाढतात. काचेची बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. तशा त्या इतक्या वाढतात की बांगडीवाली दर बाजारी आधी त्यांच्या दारात येते. नजर नाही, कुठे ना कुठे हात आपटणारच, असं आम्ही समजून चाललो.

अन् एका सकाळी जिभाऊ गरजले, "सापडनं, मास्तर! पास व्हयनं!"

अॅल्युमिनियमचे पोकळ पाइप. वरून लाकडाचा रंग. पुढच्या आठवड्यात सागवानी कठडा निघणार आणि तिथे हे बसणार!

माझं डोकंच फिरलं. मी तसाच व्हरांड्यात जाऊन भांडायला उभा राहिलो. मला भांडण अहिराणीतच जमतं. "जिभाऊ, सातपुडाना साग शे हाऊ! उधई-वाळवी लागेल नही, चीर पडेल नही. कसाले काढतस?"

"साग चांगला शे रे. पण वाजत नही."

मी त्यांच्या हातातली बांगडी ओढून घेतली आणि कठड्यावर मारली. टिण्! काय स्वच्छ आवाज आला!

"हाई काय मंग? वाजस ना!"

जिभाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मी त्यांना पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

"वाजना? तुले आयकू उनं?"

मी बांगडी त्यांच्या हातात परत दिली. त्यांनी आत कानोसा घेतल्यासारखं केलं आणि सांगू लागले. वहिनी कठड्यावरून हात फिरवत चालल्या की बांगड्या वाजतात. जिभाऊ पुढच्या खोलीत बसलेले असले तरी त्या आवाजावरून त्यांना कळायचं, आता ती तुळशीपाशी, आता वळली, आता मागच्या पायऱ्यांजवळ. मग हळूहळू तो आवाज येईनासा झाला. मागच्या पोळ्याला त्या मागच्या पायऱ्यांवर पडल्या.

"मी आठेच बसेल व्हतू. हाका मारी मारी ती थकी गयी. मले एक बी आयकू उनी नही."

"मंग कानमा मशीन घाला ना, जिभाऊ."

"ती रोज मन्हा डोकाले तेल लावस. तिना हातले मशीन लागी जाई." त्यांनी बांगडी परत रुमालात गुंडाळली. "तिले नको सांगू रे. तिले वाटस, मी आयकी ऱ्हायनू."

साग निघाला तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. त्या जुन्या बंगल्याला तो चकचकीत कठडा अगदी धोतरावर बूट घातल्यासारखा दिसतो, हे मी आजही म्हणेन. पण वाजतो! बांगडी लागली की गल्लीच्या टोकापर्यंत खण्ण करून जातं. जिभाऊ आता दिवसभर पुढच्या खोलीत खुशीत असतात. बोलता बोलता मध्येच थांबतात, आवाज वळणापलीकडे सुखरूप गेला की वाक्य पुढे चालू करतात.

परवा चहाला गेलो होतो. जिभाऊ छपरासाठी आणलेला कुठलासा नवा पत्रा दाखवायला आत गेले. वहिनी कठड्याने येत होत्या. खण्ण, खण्ण. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांचा हात कठड्यावरून घसरत नव्हता. दर दोन पावलांवर त्या तो उचलत होत्या आणि चांगला जोर लावून आपटत होत्या. एक बांगडी माझ्यासमोर वाढली आणि तुकडे फरशीवर पडले.

"वहिनी, हळू! हात कापाई जाई."

वहिनी थांबल्या. आत जिभाऊ खुडबुडताहेत याची त्यांनी खात्री करून घेतली आणि माझ्याकडे झुकून कुजबुजल्या.

"हळू कशी वाजाडू, सर? त्यास्ले आयकू येत नही ना." मनगटावरची काच त्यांनी पदराने पुसली. "दोन वरीस व्हयनात, मी अशीच आपटस. त्यास्ले सांगू नका. त्यास्ले वाटस, मले ठाऊक नही."

जिभाऊ पत्रा घेऊन बाहेर आले. वहिनींनी मान वळवली, हात उचलला आणि कठड्यावर दणकून मारला. खण्ण!

"आयकं का, मास्तर?" जिभाऊंचा चेहरा नुसता फुलून आला होता. "वाजस का?"

"वाजस, जिभाऊ," मी म्हणालो, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो. "मस्त वाजस."