चोचीतली काडी

"आज संध्याकाळी बायको माझ्याशी बोलणार म्हणजे बोलणार!" दुकानाचं शटर ओढता ओढता चष्मेवाल्यांनी जाहीर केलं. ऐकायला कोणीच नव्हतं. पण बेत आखला की आधी स्वतःपुढे दवंडी पिटायची, ही त्यांची जुनी खोड!

घरात अबोला होता आणि त्याला कारण कबुतरं. बाईंचं त्यांच्याशी हाडवैर. जाळी लावून, फिनेल ओतून, झाडू फेकून त्यांनी बाल्कनी जिंकली होती. चष्मेवाल्यांनी जाळीपलीकडे पडलेला पायजमा ओढून घ्यायला जाळीचं एक टोक सोडलं आणि बांधायचं विसरले. झालं! बाईंच्या व्यायामाच्या चटईवर दोन अंडी! तेव्हापासून बाई नवऱ्याशी बोलत त्या फक्त आपल्या वडिलांमार्फत. "बाबा, यांना सांगा, मीठ यांच्या नाकासमोरच आहे."

अशात चष्म्याचा नंबर तपासायला एक टॅटूवाली मुलगी दुकानात आली. "काका, पक्ष्यांना अर्थ असतो," ती म्हणाली. "गरुड म्हणजे हिंमत. चोचीत डहाळी घेतलेलं पांढरं कबूतर म्हणजे शांती, समेट!"

समेट म्हटल्यावर चष्मेवाल्यांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. दुपारीच ते तिच्या टॅटूच्या दुकानात खुर्चीवर जाऊन बसले.

"काका, पांढरी शाई तुमच्या कातडीवर उठून दिसायची नाही. राखाडी छटा देऊ?"

"दे गं, तू त्यातली जाणकार!"

सुई टेकली मात्र, जगाचे डोळे तपासणाऱ्या या माणसाने स्वतःचे घट्ट मिटले. उघडले तेव्हा ते पाण्याने इतके भरले होते की, दंडावर काय उतरलंय ते धड दिसलंच नाही.

घरी बाही वर केली तेव्हा ते चित्र पहिल्यांदा सासऱ्यांनी पाहिलं. सासरे तुरुंगातले निवृत्त जमादार!

"अरे देवा! जावईबापू, काय गुन्हा केलात?"

"बाबा, हल्ली डॉक्टर लोकसुद्धा काढून घेतात!"

"आमच्या बराकीत सगळ्यांच्या दंडावर असायचं. वाघ, विंचू, नाग. पण कबूतर? छे! खिसेकापूसुद्धा इतका खाली उतरला नव्हता!"

तेवढ्यात बाई आल्या. चष्मेवाल्यांनी दंड पुढे केला. "अगं बघ, तुझ्यासाठी! शांती! समेट!"

बाईंनी तो दंड उजेडाकडे वळवला. राखाडी पाठ, फुगलेली मान, गोल निर्लज्ज डोळा.

"बाबा, यांना विचारा, चोचीत काय आहे?"

"शांतीची डहाळी आहे ती!"

"काडी आहे, काडी! घरटं बांधायला निघालंय मेलं! बाहेरची हाकलून माझे हात मोडले, आणि यांनी एक कायमचं घरात आणलं!"

दार आपटलं. चष्मेवाले बिचारे रडकुंडीला येऊन पुन्हा टॅटूवालीकडे गेले.

"पुसताना फार दुखेल, काका," टॅटूवाली म्हणाली. "पण वर मोठं काहीतरी काढून झाकता येईल."

सोबत आलेले सासरे एव्हाना भिंतीवरची चित्रं निरखण्यात रंगले होते. ते एकदम म्हणाले, "ससाणा काढ पोरी! कबुतरं टरकतात त्याला. आणि हा विंचू छान आहे गं. फार दुखतं का?"

पहिली जखम भरल्यावर कोपरापासून खांद्यापर्यंत काळाकुट्ट ससाणा उतरला. बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. "बाबा, यांना सांगा, सकाळी बनियनवर बाल्कनीत उभं राहायचं. खर्च झालाय, तर उपयोग तरी होऊ दे!"

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले बाल्कनीत हात वाकवून, दंड फुगवून उभे राहिले. कठड्यावर एक कबूतर येऊन बसलं. त्याने मान तिरकी करून ससाण्याला नीट पाहिलं, पंख फडफडवले आणि थेट ससाण्याच्या डोक्यावर येऊन बसलं! त्याच्याही चोचीत काडी होती. ती त्याने चष्मेवाल्यांच्या कोपराच्या खोबणीत व्यवस्थित ठेवली.

"वरून काहीही रंगवा," सासरे म्हणाले, "आतला माणूस पाखरांना बरोबर कळतो!"

आणि बाई हसल्या! दाराला धरून, पदराने डोळे पुसत, पोट दुखेपर्यंत हसल्या. "अहो, हलू नका! थांबा, फोटो काढते!"

अहो! बाबांमार्फत नाही, थेट!

चष्मेवाले जागचे हलले नाहीत. कबुतराने उडता उडता दंडावर जे काही सोडलं, तेही फोटो निघेपर्यंत त्यांनी पुसलं नाही.