नांग्या भरायची रोपं

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. आता टाळण्याइतकी वर्षं माझ्याकडे उरलेली नाहीत.

मांडवगण फराट्याचे दगडू आप्पा दर गुरुवारी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फोन लावून विचारायचे, "म्याडम, रोपं कशी हायेत?"

आप्पांची भाजीची रोपवाटिका होती. रोपांशी दोन शब्द बोलल्याशिवाय ते ट्रे जागचा हलवत नसत. गिऱ्हाइकाला वर मूठभर रोपं द्यायचेच. "नांग्या भराया असूंद्या. समदीच जगत्यात व्हय?" नांगी म्हणजे मेलेल्या रोपाची मोकळी राहिलेली जागा; ती त्यांना बघवायची नाही.

त्यांची सात वर्षांची नात परी. तिच्या मेंदूत गाठ झाली. काढलेली गाठ संशोधनाला देता का, असं डॉक्टरांनी विचारलं. सूनबाई पोरीच्या उशाशी होत्या. अर्ज इंग्रजीत, म्हणून आप्पांनी मला नेलं; मी निवृत्त मास्तर. मीच समजावलं, की तिथं पेशींपासून मेंदूचे हरभऱ्याएवढे तुकडे वाढवतात, त्यांत गाठीच्या पेशी सोडतात आणि कुठलं औषध लागू पडतं ते बघतात. पुढच्या पोरांसाठी. आप्पांनी मुलाला सही करायला लावली.

परी वाचली नाही. आप्पांचे फोन सुरू झाले.

"आप्पा, तुमच्या नातीचे कुठले, ते सांगता येत नाही हो."

"मंग समद्यांकडंच नीट बघा. आन् उन्हात ठिवू नका."

हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. मी ते शिरूरला एस्टी डेपोजवळच्या हॉटेलात चहावर सांगितलं, वर मीठमसाला लावून. "आप्पा ट्रेमधी नात उगवतोय! पुढच्या हंगामाला काढणी!" सगळे हसले. मीही.

दोन दिवसांत ते सूनबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी सासऱ्यांना गाठलं.

"मामा, माझी परी हाय का तिथं?"

"न्हाई गं बाई."

"मंग माझ्या पोरीचं हसं का केलंत गावात?"

आप्पांनी माझं नाव घेतलं नाही. सूनबाई दौंडला माहेरी गेल्या, त्या परतल्या नाहीत. सूनबाई, हे वाचत असाल तर ऐका: आप्पा गावात काही बोलले नव्हते. बोललो मी.

एकदा वांग्याची रोपं घ्यायच्या निमित्तानं मी आप्पांकडे गेलो.

"आप्पा, त्या दिवशी हॉटेलात मी..."

त्यांनी माझ्या ट्रेवर आणखी मूठभर रोपं ठेवली. "असूंद्या गुरुजी. नांग्या भराया."

मी मान हलवून घरी आलो. महिन्याभरात आप्पा गेले.

आप्पा, माझं चुकलं. तेवढंच म्हणायचं होतं.