शेपटीचा सात

ऊर्स बिगलरने न्याहारीच्या टेबलावरचा पाव आणि चीज बाजूला सारून बंदूक आडवी ठेवली, तेव्हा त्याची बायको व्रेनी एवढंच म्हणाली, "लोण्याला तेल लागू देऊ नकोस."

बंदूक साधी नव्हती. सैन्यातल्या निवडक नेमबाजांसाठी दुर्बीण बसवून कारखान्याने मोजक्याच बनवल्या होत्या, त्यांतली ती एक. नळी कधी तयार झाली, दुर्बीण कधी चढली, लाकडी दस्ता कोणत्या पाळीत घडला, हे सगळं ऊर्स अकरा वर्षं शोधत होता. तीन आठवड्यांनी लुझर्नला प्रदर्शन होतं. ज्या बंदुकीचा इतिहास पूर्ण आणि सगळे भाग कारखान्यातून निघाले तसेच, तिलाच पहिला दर्जा आणि मधलं काचेचं कपाट मिळणार होतं.

प्रदर्शनाचे परीक्षक डॉक्टर एल्मर यांनी अर्धं काम करूनच ठेवलं होतं. दस्त्यावरच्या आकड्यात शेवटचा सात होता. त्याला खाली बारीक शेपटी होती आणि कडा काळपट होती. यावर डॉक्टरांनी चाळीस पानांचा निबंध लिहून सिद्ध केलं होतं, की असा शेपटीचा ठसा फक्त एका शरद ऋतूत, एकाच पाळीत वापरला गेला. असे दोनच दस्ते सापडले होते. एक ऊर्सचा आणि दुसरा खुद्द डॉक्टरांचा. त्यांच्या दस्त्यावर दोन होता, पण शेपटी तीच.

आता ती बंदूक सैन्यात कोणाच्या खांद्यावर होती, एवढंच शोधायचं राहिलं होतं. ऊर्सने दस्त्यामागची लोखंडी पट्टी उघडली. आत घडी केलेली चिठ्ठी निघाली: योझेफ श्मिडिग, मुओटाटाल.

"जिवंत असेल का?" ऊर्स म्हणाला.

"फोनच्या वहीत बघ. मेले की नाव काढतात."

नाव होतं. ऊर्सने फोन लावला, ओळख सांगितली आणि बंदुकीचा आकडा वाचला. पलीकडे खुर्ची सरकली. मग म्हातारा आवाज आला, "कधी हजर होऊ?"

"तुमच्या सोयीने या की."

"उद्या दहाला," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

"किती उत्साही माणूस," ऊर्स बायकोला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहाला दोन मिनिटं कमी असताना दारात चौऱ्याऐंशी वर्षांचे योझेफ उर्फ झेप श्मिडिग उभे होते. अंगात सैन्याचा कोट. तो पोटावर मिटत नव्हता, म्हणून मधे दोरी बांधली होती. त्यांनी टाचा जुळवल्या.

"गुन्हा कबूल आहे," ते म्हणाले. "माझा जोडीदार कारी गेला, त्यामुळे शिक्षा एकट्यालाच द्या."

"आजोबा, आत तरी या," व्रेनी म्हणाली. "कसला गुन्हा?"

"तपासणीवाले ना तुम्ही? मला माहीत होतं, एक दिवस फोन येणार."

ऊर्सने तीनदा सांगितलं की आपण औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेलो आहोत. झेप आजोबांनी ते ऐकून घेतलं, पण कोट सोडला नाही. कॉफी प्यायल्यावर मात्र ते मोकळे झाले.

साठ वर्षांपूर्वी गावच्या चौकात, सैनिकांनी घरी ठेवलेल्या सैन्याच्या बंदुकांची तपासणी होती; बंदुकीचा आणि दस्त्याचा आकडा जुळला नाही तर शिक्षा. आदल्या दुपारी झेप आणि कारी यांनी आपापल्या बंदुका गोठ्यात खोलून साफ केल्या, आणि जोडताना दस्ते बदलले गेले. आकड्यांत फरक फक्त शेवटच्या अंकाचा, सात आणि दोन.

"मग परत बदलायचे होते," ऊर्स म्हणाला.

"तेच तर. ते सुचलं दुसऱ्या दिवशी. तोवर आम्ही काचेने दोन्ही अंक खरवडले आणि गाईंच्या शिंगांवर नंबर डागायचे लोखंडी ठसे तापवून नवे डागले."

ऊर्सने कप खाली ठेवला. "शेपटी?"

"ठसे वाकडे होते. आमच्या सगळ्या गाईंना शेपटी आहे. म्हणजे, आकड्यांना."

व्रेनी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ हसत राहिली. ऊर्सला हसू आलं नाही. इतिहास पूर्ण झाला होता आणि पहिला दर्जा गेला होता. प्रदर्शनाचा अर्ज टेबलावरच होता, आणि झेप आजोबा "लिहा, सगळं लिहा" म्हणत समोर बसले होते. त्यांच्या देखत खोटं लिहिणं जमेना. त्याने गोठ्यासकट सगळं लिहिलं आणि डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. पण श्मिडिग आजोबांना कारीच्या बंदुकीच्या मालकाचीही माफी मागायची आहे. मी तुमचा पत्ता दिलाय."

डॉक्टरांनी फोन ठेवला.

आठवड्याभरात प्रदर्शनाच्या नियमावलीत एक नवं कलम आलं: सेवेत असलेल्या सैनिकाने स्वहस्ते केलेला फेरफार हा उत्पादनाचाच शेवटचा टप्पा मानावा. मधल्या कपाटात दोन्ही बंदुका शेजारी शेजारी लागल्या. डॉक्टरांचा निबंध आता साठ पानांचा झाला होता, आणि त्यात गोठ्याचा नकाशा होता.

झेप आजोबांच्या दोरी बांधलेल्या कोटावर आयोजकांनी बिल्ला लावला, 'हयात निर्माते'. लोक त्यांच्याशी हात मिळवायला रांगेत उभे होते. त्यांनी व्रेनीला बाजूला घेतलं.

"बाई, मग साठ वर्षं मी घाबरलो ते उगाचच?"

"नाही आजोबा," व्रेनी म्हणाली. "तेव्हा ती चूकच होती. आता दुर्मीळ झालीय."