पंचपाळ्यातले दहा स्क्रू

वाटी पहिली

गुरुप्रसादने लॅपटॉप पालथा घातला आणि त्याच्या पोटाचे दहा स्क्रू काढले. लॅपटॉप पापडाइतका पातळ, पण सुरू व्हायला अख्खी आरती लागायची. म्हणून नवी हार्ड डिस्क. जुनीतलं सगळं तिच्यात उतरवून झालं होतं. सगळं म्हणजे तुळजापुरात त्यांच्या पुजारी घराण्याकडे उतरणाऱ्या यजमानांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं. जुन्या वह्या त्याने मोठ्या ऐटीत माळ्यावर फेकल्या होत्या. दुपारी भूमच्या धुरपदाबाई येणार होत्या. त्यांना पूर्वजांची नावं ऐकवता आली नाहीत, तर वडील राघवेंद्रआप्पा त्याला वर्षभर ऐकवणार होते.

वाटी दुसरी

स्क्रू पाच मापांचे. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की थेट कीबोर्डातून डोकं वर काढतो. वेगवेगळे ठेवायला पाच वाट्यांचं घरात काय असतं? नुकतंच घासलेलं पितळी पंचपाळं! गुरुप्रसाद स्वतःवरच खूश झाला, डिस्क बसवली आणि हात धुवायला गेला.

वाटी तिसरी

धुरपदाबाईंना सकाळचीच एसटी मिळाली.

गुरुप्रसादच्या बायकोने, वनमालाने, घाईघाईत पंचपाळं उचललं. आत बारीक काळं काहीतरी. तिने ते एका वाटीत गोळा केलं, उरलेल्यांत हळद-कुंकू भरलं आणि पाहुणीला लावलं.

"माझे स्क्रू?" गुरुप्रसाद कुजबुजला.

"अगंबाई, स्क्रू होते? मला मंगळसूत्राचे मणी वाटले!"

पाची मापं एकत्र. मोजले तर नऊच. दहावा धुरपदाबाईंच्या कपाळावर, ओल्या कुंकवाच्या मधोमध चकाकत होता.

"माग की मग," आप्पा म्हणाले.

"सवाष्णीला कुंकू पुसा म्हणू?"

आप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

वाटी चौथी

"गुरुजी, आमच्या मालकाच्या आज्याचा आजा कोण हुता, सांगा की."

"सांग की," आप्पा गालात हसले. "का चढू माळ्यावर?"

गुरुप्रसादने देवघरातला लाल नाडा घेतला, लॅपटॉपचं सुटं पोट करकचून बांधलं आणि बटण दाबलं. आप्पा 'उदो' म्हणेपर्यंत पडदा उजळला.

"धुळाप्पा! त्यांचे उत्तरेश्वर, उत्तरेश्वरांचे..."

"आगं बया! नाडा बांधल्याबरुबर बोलाय लागलं की!" धुरपदाबाईंनी लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

वाटी पाचवी

दोन दिवस खपून गुरुप्रसादने नऊ स्क्रू अचूक भोकांत बसवले. शेवटचा पिळतोय, तोच फोन वाजला.

"गुरुजी, म्या धुरपदा. कपाळावरनं काळा खडा निघाला बघा! आईचा परसाद म्हून देव्हाऱ्यात ठिवलाय. पर आता चौघी जावा रुसून बसल्यात. त्यास्नी बी पायजे. उद्या घिऊन येते समद्यास्नी."

गुरुप्रसादने फोन खाली ठेवला. आप्पांनी पंचपाळं शांतपणे त्याच्यापुढे सरकवलं.

"काढ चार."